कोऱ्या जागेचा रंग

नकाशा विभागात त्यांना थरताई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने नेमकं ठेवलं होतं. एखादा नकाशा पुरा झाला, साहेबांनी मान डोलावली, शिपाई छपाईचं यंत्र सुरू करायला उठला, की बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणणारच, "थांबा हो, अजून एक थर टाकून बघू या का?" सगळं कार्यालय कपाळाला हात लावायचं. आणि तो जास्तीचा थर टाकल्यावर बहुतेक वेळा असं काहीतरी उघडं पडायचं, की लावलेले हात तसेच राहायचे.

हे थर प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. आपण समजतो, नकाशा म्हणजे एक चित्र. थरताईंच्या लेखी नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या आरपार दिसणाऱ्या कागदांची चळत. एका कागदावर नुसते रस्ते, एकावर नुसती घरं, एकावर ओढे, एकावर जमिनीचा चढउतार. त्या नोकरीला लागल्या तेव्हा हे कागद खरोखरचे होते. खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर ते पसरायचे आणि शाईने गिरवत बसायचं. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा त्यांनी सहज म्हणून घरांचा कागद जुन्या ओढ्यांच्या कागदावर ठेवला. जोराचा पाऊस झाला की ज्या गल्लीत हमखास गुडघाभर पाणी शिरायचं, ती गल्ली एका बुजवलेल्या ओढ्याच्या बरोबर पाठीवर बसली होती. वळणाला वळण जुळत होतं. ओढा बुजवून पिढ्या लोटल्या होत्या, तिथल्या माणसांना तो होता हेही ठाऊक नव्हतं; पाण्याला मात्र आपली वाट तोंडपाठ होती. थरताईंच्या अंगावर काटा आला. पुढे टेबलं गेली, कागद गेले, संगणक आले, केस पिकले, पण एक थर दुसऱ्यावर ठेवताना त्यांचा श्वास अजूनही क्षणभर अडकायचा. जमीन आपल्याला काहीतरी सांगणार आहे आणि आपण ऐकायला अगदी पुढच्या बाकावर बसलो आहोत, असं त्यांना वाटायचं. कार्यालयात असं कोणाला सांगितलं असतं तर चार लोक हसले असते, म्हणून त्या सांगत नसत.

त्यांची आई शिवणकाम करायची. शहराच्या टोकाला एक चिंचोळी गल्ली, गल्लीच्या शेवटी दोन खोल्या, मागच्या खोलीत पायाने चालवायचं मशीन आणि त्याच्याशेजारी कापड बेतायचं लांबलचक टेबल. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कोणाचा उसवलेला खिसा, सगळं तिथे. वय झालं तरी हात थांबला नव्हता. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीमागे एके काळी दगडाची बंद पडलेली खाण होती. लहानपणी थरताई तिथे लपंडाव खेळल्या होत्या. मग शहराने आपला कचरा त्या खाणीत टाकायला सुरुवात केली. लोक म्हणाले, चला, खड्डा तरी भरेल. खड्डा भरला. जमिनीबरोबर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता संपलं. पण शहर कुठलं थांबतंय? खड्ड्याचा ढीग झाला, ढिगाचा डोंगर झाला आणि गाड्या त्यावर भुंग्यांसारख्या घूं घूं करत चढू लागल्या.

आईने आधी दुपारची खिडकी लावली. मग वारा असेल तेव्हा लावली. मग एकदा डोंगराला आग लागून आठवडाभर धूर आला, तेव्हा कायमचीच लावली आणि वर दुहेरी कापडाचा जाड पडदा शिवून टांगला. तेव्हापासून ती दिवसाढवळ्या बल्बखाली शिवायची. फक्त कापडाचा रंग जुळवायचा असला की उठून, खोकत खोकत, पुढच्या दारापर्यंत जायची. "बल्ब रंग खोटा सांगतो," असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी खोकला तपासून सांगितलं, जागा बदला. आई म्हणाली, त्यापेक्षा डॉक्टर बदलते. थरताईंनी तिला आपल्या घरी नेऊन पाहिलं. आठवडा उलटायच्या आत आई परत आली. "तुझ्याकडे सगळं आयतं मिळतं गं," ती म्हणाली. "धडधाकट माणूस आजारी पडेल अशानं." थरताईंनी हात टेकले.

म्हणून नव्या कचराभूमीची जागा शोधायचं काम जेव्हा नकाशा विभागाकडे आलं, तेव्हा ते थरताईंनी नुसतं घेतलं नाही, ओढून घेतलं. आईला त्यांनी शब्द दिला. नवी जागा मिळाली की जुना डोंगर बंद होणार. वर मातीचा जाड थर, त्यावर गवत, आणि तुझी खिडकी उघडी. आई हसली आणि म्हणाली, "शहराचं काम आहे ते. होईल तेव्हा होईल." पण त्याच आठवड्यात तिने खिडकीच्या बिजागऱ्यांना मशीनचं तेल घातलं, हे थरताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

काम सुरू झालं. आधी वस्त्यांचा थर, कारण माणसांच्या जवळ कचरा नको. मग नद्या-ओढ्यांचा. मग विहिरी, झरे आणि जमिनीखालचं पाणी. मग खडक आणि खडकातल्या भेगा. मातीचा थर, कारण चिकण माती घाण पाणी अडवते आणि वाळू ते बिनदिक्कत खाली सोडते. उताराचा. वाऱ्याचा. झाडीचा. विमानतळाचासुद्धा, कारण कचऱ्यावर पक्षी येतात आणि पक्षी विमानाच्या इंजिनात शिरतात. प्रत्येक थर जागेला धोक्याचे गुण द्यायचा. गुण वाढले की जागा लाल, कमी राहिले की हिरवी.

सुरुवातीला पडदा सगळा हिरवागार होता. थरताईंना वाटलं, एवढा मोठा मुलूख, कुठेही मावेल. मग एकेक थर पडत गेला आणि लाली पसरत गेली. नदीकाठ गेला. नदीला मिळणारे ओढे गेले. ओढ्यांना पाणी पुरवणाऱ्या टेकड्या गेल्या. एखादी जागा सगळ्यांतून सुटायची आणि तिथला वारा नेमका शाळेकडे वाहत असायचा. थरताई खुर्चीत मागे टेकून बघत राहिल्या. दिसेल तिथवर जमीन, आणि तिच्यात नको असलेलं ठेवायला एक कोपरा नाही! सगळं सगळ्याला जोडलेलं. इथे टाकलेलं तिथे वाहत जातं, तिथे टाकलेलं अमक्याच्या नाकात, तमक्याच्या भांड्यात. आपण रोज सकाळी पिशवी दाराबाहेर ठेवतो आणि 'गेलं' म्हणतो. ते 'गेलं' जाणार कुठे? त्याला जमिनीकडे जवळजवळ कुठेच जागा नव्हती. त्यांना त्या पडद्यासमोर एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. एवढी अफाट, एवढी गुंतलेली गोष्ट आपल्याला दिसते आहे, हेच केवढं मोठं!

आणि शेवटचा थर पडल्यावर, शहराच्या उत्तरेला, उंच पठारावर, एक तुकडा हिरवा राहिला. लहानसुद्धा नव्हता; पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढा ऐसपैस. थरताईंनी डोळे चोळले. तुकडा होताच.

साहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हे साहेब उंचेपुरे, बोलण्यात मिठ्ठास, आणि वरच्यांच्या फोनने गांजलेले. वर्षानुवर्षांचं भिजत घोंगडं एका हिरव्या तुकड्याने वाळणार होतं. बैठक झाली, टाळ्या झाल्या, जुना डोंगर बंद करायची तारीख वर्तमानपत्रात छापून आली. त्या दिवशी, आश्चर्य म्हणजे, थरताई "अजून एक थर" म्हणाल्या नाहीत. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी त्या नकाशाची गुंडाळी घेऊन आईकडे गेल्या. आईने बेतायचं टेबल मोकळं केलं होतं. त्याच्या एका कडेला नवीन पडदा घडी घालून ठेवला होता, झिरझिरीत, फिकट पिवळा.

"हा कोणाचा?" थरताईंनी विचारलं.

"कोणाचा म्हणजे? माझ्या खिडकीचा," आई म्हणाली. "उजेड यायचा असेल तर तसा पडदा नको का? दाखव बघू तुझी ती जागा."

थरताईंनी नकाशा पसरला. कागद गुंडाळून गुंडाळून आडमुठा झाला होता, सारखा मिटायचा. आईने हाताशी होतं ते त्यावर ठेवलं: एका टोकाला कातर, एका टोकाला इस्त्री, आणि मधे आपली लाकडी पट्टी.

"हे सगळं लाल म्हणजे नाही?"

"नाही."

"आणि हे हिरवं म्हणजे हो. अगं बाई, एवढंसंच!" आई वाकून बघत राहिली. "एवढ्या मोठ्या जगात एवढंसंच. आणि ते तुला सापडलं!" तिच्या आवाजात एवढं कौतुक होतं, की थरताईंना लहानपणीसारखं तिच्या कुशीत शिरावंसं वाटलं. तेवढ्यात आईला खोकल्याची उबळ आली आणि ती पाणी प्यायला आत गेली.

थरताई नकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. आईने टाकलेली पट्टी हिरव्या तुकड्याच्या उजव्या कडेला लागली होती. नुसती लागली नव्हती, चिकटून बसली होती. वरपासून खालपर्यंत, पट्टी आणि हिरव्याच्या मधे केसभरही फट नव्हती. त्यांनी पट्टी उचलली. तुकड्याची कड तशीच राहिली, सरळसोट. त्यांनी पट्टी वरच्या कडेला लावली. तीही सरळ. कोपरा काटकोनात.

 साऱ्या नकाशावर दुसरी एक रेघ सरळ नव्हती. ओढे वळत होते, टेकड्या फुगत होत्या, मातीच्या कडा फाटक्या कापडासारख्या दशा दशा झालेल्या. जमीन कधी पट्टीने रेघ ओढत नाही. पट्टीने रेघ ओढतो तो माणूस. आणि ही रेघ कोणाची ते त्यांना बघताबघता उमगलं. जमिनीखालचं पाणी आणि खडक मोजणारी जुनी पाहणी चौकोन आखून झाली होती, एकेका चौकोनाचा एकेक नकाशा. पठारावर माणसं राहत नव्हती, विहिरी नव्हत्या. त्या चौकोनात मोजायला कोणी गेलंच नव्हतं. आणि कार्यालयाची जुनी सवय अशी, की थरात कुठे कोरं दिसलं, आकडाच नसला, तर यंत्र अडून बसतं, म्हणून तिथे शून्य भरायचं आणि पुढे जायचं. शून्य म्हणजे धोक्याचे गुण शून्य. थरताईंनी स्वतःच्या हाताने ते भरलं होतं. सगळेच भरायचे. ती जागा चांगली म्हणून हिरवी नव्हती. तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं म्हणून ती हिरवी होती.

आई पदराने तोंड पुसत बाहेर आली. "काय गं, गप्प का?"

"काही नाही," थरताई म्हणाल्या आणि पट्टी उचलून बाजूला ठेवली.

त्या रात्री त्यांना झोप लागली असेल असं वाटत नाही. हे त्यांच्याशिवाय कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, येण्याची शक्यताही नव्हती. गप्प राहायला काहीच करावं लागणार नव्हतं. तारीख आपोआप उजाडली असती आणि खिडकी उघडली असती. आणि पठार खरोखरच चांगलं असेलही, कोणी सांगावं? सोमवारी त्या कार्यालयात गेल्या, चहा घेतला, दुपारपर्यंत जुनी कामं उरकत बसल्या. मग उठल्या आणि साहेबांच्या खोलीत शिरल्या.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती जागा वाईट आहे असं तुमचं म्हणणं?"

"तसं नाही, साहेब. चांगली का वाईट ते आपल्याला ठाऊकच नाही. ठाऊक नाही त्याला आपण चांगलं म्हणून बसलोय."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे. "तारीख छापून आलीये हो, ताई. वरून विचारतील तेव्हा मी काय सांगू, एक रेघ सरळ निघाली?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या आईंचं घर तिथेच ना, जुन्या ढिगाऱ्याशी?"

"खिडकीलाच लागून."

"मग तुम्ही कशाला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत बसले. शेवटी म्हणाले, "खडकवाल्यांना घेऊन जा. एकदाच काय ती खात्री करा. नीट निघाली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

खडकवाले म्हणजे भूगर्भ विभागाचे एक काटकुळे गृहस्थ. माणसांशी मोजकं बोलत, दगडांशी पुष्कळ. पठारावर पोहोचल्यावर ते गाडीतून उतरले ते थेट गुडघ्यांवरच. पांढुरका, भोकाभोकांचा दगड त्यांनी नखाने खरवडला आणि "चुनखडी" एवढंच म्हणाले; पाणी ज्याला आतून पोखरत जातं असा दगड तो. थरताई मात्र उभ्याच राहिल्या. आकाशाला भिडलेलं ते पठार, वाऱ्याने दबलेलं गवत, आणि मधून, नकाशात कुठेच नसलेला, एक बारीक ओढा. ओढ्याच्या काठाने त्या चालत गेल्या आणि एका कातळापाशी ओढा संपला. वळला नाही, आटला नाही. एका दाराएवढ्या भोकात घुसला आणि दिसेनासा झाला.

"कान लावा," खडकवाले म्हणाले.

थरताई वयाचा विचार न करता पालथ्या पडल्या. भोकातून गार हवा चेहऱ्यावर आली, भर उन्हात, तळघराचं दार उघडावं तशी. आणि खूप खालून, खूप मोठ्या पाण्याचा आवाज येत होता.

"केवढं आहे हो हे?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मोठ्याने बोलायचा धीर झाला नाही.

"ते त्यालाच विचारू या," खडकवाले म्हणाले आणि पिशवीतून एक डबा काढला. त्यात विटकरी रंगाची भुकटी होती. बिनविषारी असते, पाण्यात पडली की हिरवी होते, आणि पाणी जिथे बाहेर पडेल तिथे आपली ओळख देते. पठाराचा उतार पश्चिमेला होता, तेव्हा पाणी पश्चिमेच्या ओसाड नाल्यात निघणार असा हिशेब होता. पूर्वेला तर अख्खा डोंगर आडवा पडला होता. तरी नियम म्हणून चहूकडच्या झऱ्यांवर आधी वर्दी दिली होती, अगदी डोंगरापलीकडच्या गावालासुद्धा. तिथल्या झऱ्यावर टाकी बांधून सगळ्या गावाला नळ दिलेले होते.

भुकटी भोकात गेली. पाणी क्षणभर कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवं झालं आणि आत गडप झालं. थरताई आणि खडकवाले पश्चिमेच्या नाल्यावर जाऊन बसले. संध्याकाळ झाली, नाला आपला तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. दुपारी थरताईंचा फोन वाजला. डोंगरापलीकडच्या गावचा पाणीवाला होता, टाकीची राखण करणारा आणि नळ सोडणारा.

"ताई, तुम्ही रंगाचं बोलला होता ना? तो आलाय आमच्याकडे."

"किती आलाय?"

"किती म्हणजे काय सांगू? सगळंच आलंय. तुम्ही सांगितलं तसा नळ बंद केलाय मी, पण तुम्ही या. बघायला तरी या."

डोंगराला वळसा घालून जायला गाडीला बराच वेळ लागला. वाटभर थरताई खिडकीतून त्या डोंगराकडे बघत होत्या. त्यांनी तो असंख्य वेळा काढला होता. त्याची उंची, त्याचे उतार, त्याच्या खांद्यावरची झाडी, सगळं पाठ. आणि त्याच्या पोटातून एक नदी वाहते आहे, डोंगराला आरपार छेदून, हे त्यांना या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

झऱ्याशी सगळं गाव जमलं होतं. कातळाच्या कपारीतून पाणी उसळून येत होतं, आणि ते हिरवं होतं. साधं हिरवं नव्हे. उन्हात ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं. दगडी टाकी काठोकाठ त्या प्रकाशाने भरली होती आणि भोवती उभ्या माणसांच्या हनुवटीवर हिरवी झाक पडली होती. खडकवाल्यांनी भुकटीचं प्रमाण काढताना ती वाटेत मुरेल, विरेल, फिकी पडेल असं धरलं होतं. काहीही मुरलं नव्हतं. दगडाने काहीही गाळलं नव्हतं. पठारावर टाकलेलं जसंच्या तसं, एका रात्रीत, इथे येऊन उभं होतं.

"हे आलं कुठून?" पाणीवाल्याने विचारलं.

थरताईंनी डोंगराकडे हात केला.

"डोंगरापलीकडून?"

"डोंगराखालून."

पाणीवाल्याने डोंगराकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, पुन्हा डोंगराकडे बघितलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. थरताईंचे डोळे भरून आले. भीतीने का आनंदाने, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. गाडीत एक रिकामी बाटली होती. ती त्यांनी टाकीत बुडवून भरून घेतली.

साहेबांनी बाटली टेबलावर ठेवून घेतली. "गाव पितं हे?" त्यांनी विचारलं. थरताईंनी मान डोलावली. साहेबांनी फोन उचलला आणि स्वतःच वर कळवलं, की तारीख मागे घेतोय. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. साहेब नुसतं "हो, हो, माझीच जबाबदारी" म्हणत राहिले. त्या दिवसापासून थरताईंना ते माणूस म्हणून आवडायला लागले.

मग थरताईंनी सगळे थर पुन्हा उघडले आणि भरलेली शून्यं एकेक करून काढून टाकली. कोऱ्या जागेला त्यांनी वेगळा रंग दिला, करडा. करडा म्हणजे माहीत नाही. यंत्र अडलं तर अडलं. काम संपवून पडद्याकडे बघितलं तेव्हा त्या थक्क झाल्या. जिकडेतिकडे करड्याची ठिगळं. आपल्या पायाखालची जमीन, जिच्यावर आपण जन्मलो, जिचे नकाशे काढत म्हातारे झालो, तिच्यातलं किती थोडं आपण विचारलं होतं! लाल होतं, करडं होतं. हिरवं कुठेच नव्हतं. आता प्रत्येक करड्या जागी माणसं जाणार, जमिनीत भोकं पाडणार, पाणी मोजणार. त्याला किती काळ लागेल, कोणी सांगू शकत नव्हतं. तोवर कचऱ्याच्या गाड्या जुन्याच डोंगरावर चढणार होत्या.

बाटली पिशवीत घालून त्या आईकडे गेल्या. दुपारची वेळ होती, आई बल्बखाली मशीनवर बसली होती. नवा पडदा दांडीत ओवून तयार होता. लेकीचा चेहरा बघून आईने पाय थांबवला.

थरताईंनी सगळं सांगितलं. शून्य भरल्याचं, पट्टीचं, भोकाचं, हिरव्या टाकीचं. आणि शेवटी म्हणाल्या, "आई, ती जागा गेली. दुसरी कधी मिळेल माहीत नाही. गाड्या इथेच येत राहणार. मी तुला शब्द दिला होता."

आई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. "तू बोलली नसतीस तर?"

"तर तुझी खिडकी उघडली असती."

"आणि त्या लोकांच्या पाण्याचं?"

"आधी काही कळलंही नसतं. कळेपर्यंत वर्षं गेली असती."

"बघू ते पाणी."

थरताईंनी बाटली दिली. आईने ती बल्बखाली धरली, फिरवली, डोळे बारीक केले. "बल्ब रंग खोटा सांगतो," ती पुटपुटली आणि उठली. थरताईंना वाटलं, सवयीप्रमाणे पुढच्या दाराकडे जाईल. पण पुढचं दार लांब होतं आणि आईला घाई झाली होती. तिने खिडकीचा जाड पडदा ओढला, कडी काढली आणि तेल घातलेली दारं धाडकन उघडली.

वास आत आला, उजेड आत आला. आईने बाटली उंच धरली. उन्हात पाणी पेटलं, खोलीभर, कापडांवर, मशीनवर हिरवे कवडसे नाचले. "अगं बाई गं," आई म्हणाली. मग बाटलीच्या पलीकडे तिची नजर गेली आणि हात हळूहळू खाली आला.

डोंगर खिडकीत मावत नव्हता. तो बघायला आईला मान वर करावी लागली, मग कमरेतून मागे वाकावं लागलं. अगदी माथ्यावर एक गाडी मुंगीएवढी दिसत होती, आणि तिच्याभोवती हजारो पक्षी आभाळ ढवळून काढत होते.

"केवढा झालाय गं हा," आई म्हणाली.  "पडदा लावला तेव्हा समोरच्या छपराएवढा होता. मी आपली तेवढाच धरून चालले होते."

थरताई खिडकी लावायला पुढे झाल्या. आईने त्यांचा हात धरला. दुसऱ्या हाताने तिने जाड पडदा दांडीसकट उतरवून लेकीच्या हातात दिला आणि झिरझिरीत, पिवळा पडदा चढवायला घेतला.

"आई, वास येईल. खोकला वाढेल."

"वाढू दे. मी डोळे मिटून बसले, तर तुम्हाला तरी कोण सांगणार हा किती वाढला ते?" तिने पडदा सारखा केला. वारा आत आला आणि पडदा टेबलापर्यंत फुगला. आई बल्ब मालवून खुर्चीवर बसली, उसवलेला गणवेश पुढ्यात ओढला, आणि सुईत दोरा ओवताना म्हणाली, "नीट शोध हो. माझ्यासाठी घाई करू नकोस." खोकल्याची उबळ आली, ती तिने जाऊ दिली. "पण उशीरही करू नकोस."